दादासाहेब फाळक्यांचा काशीवास

काशीस जाऊन राहणे याला मराठी मनात एक ठरलेला अर्थ आहे. संसाराचे पाश सोडावयाचे, मागचे हिशेब मिटवावयाचे आणि उरलेले दिवस गंगेच्या काठी काढावयाचे. अहल्याबाईंनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, नागपूरकर भोसल्यांनी आणि शिंद्यांनी घाट बांधले, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपास दक्षिणी ब्राह्मणांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. या वस्तीत शिकावयास येणारे तरुण जसे होते तसेच ऐहिकाला विटून आलेले वृद्धही होते. इसवी सन १९२० च्या आगेमागे या वस्तीत आणखी एक मराठी कुटुंब येऊन राहिले. कुटुंबप्रमुखाचे वय पन्नाशीचे होते. जन्म त्र्यंबकेश्वरचा, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. तेव्हा असा गृहस्थ काशीस आला यात कोणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल होते ते त्याच्या धंद्यात. आपल्या हातांनी उभारलेला, ऐन भरात आलेला धंदा सोडून तो आला होता, आणि त्या धंद्याचे नावही काढावयाचे नाही असा त्याचा निश्चय होता.

हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १९६९ पासून भारत सरकारचा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. परंतु पुतळा उभारला की माणूस दिसेनासा होतो, तसे काहीसे फाळक्यांचे झाले आहे. ते कलावंत होते हे सारेच सांगतात. पण ते आयुष्यभर एक छोटे कारखानदार होते, धंदा मांडणे, मोडणे आणि पुन्हा मांडणे हाच त्यांच्या चरित्राचा कणा आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्वतःच्या धंद्यावरचे माणसाचे मन का उडते आणि उडालेले मन पुन्हा कशाने बसते, हा प्रश्न त्यांच्या काशीवासाने जितका स्पष्ट पुढे ठेवला आहे तितका क्वचितच कोणाच्या चरित्राने ठेवला असेल.

फाळक्यांचा जन्म १८७० सालच्या ३० एप्रिलचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, यांतले जे जे हाताने करता येण्यासारखे होते ते त्यांनी शिकून घेतले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला. शतक पालटण्याच्या सुमारास प्लेगने गुजराथेत थैमान घातले, त्यात त्यांची प्रथम पत्नी व मूल दोन्ही गेली, आणि ते दुकानही मिटले. पुढे त्यांनी जादूचे प्रयोग केले, स्वतःचे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून रंगमंचावर उभे राहिले. मग १९०३ च्या सुमारास पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्यांना नोकरी लागली.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना या नोकरीचे मोल निराळे समजावून सांगावयास नको. सरकारी नोकरी, नेमून दिलेले काम, महिन्याच्या महिन्याला पगार आणि शेवटी निवृत्तिवेतन. त्यातून हे काम त्यांच्या आवडीचे आणि शिक्षणाला साजेसे होते. तरीही वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघत असता फाळक्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा आपला कारखाना काढला. राजा रविवर्म्यांचा प्रसिद्ध छापखाना जवळच मळवलीस होता, तेथील चित्रांच्या शिलामुद्रणाचे काम त्यांच्याकडे येई. पुढे हा कारखाना दादरला आला, त्यात भांडवलदार भागीदार मिळाला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे नाव पडले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. काम नावाजले जाऊ लागले, आणि नेमक्या त्याच वेळी भागीदाराशी मतभेद विकोपास गेले. फाळके जे उठले ते अंगावरच्या वस्त्रांनिशी उठले. आपल्या श्रमाचा मोबदलाही त्यांनी मागून घेतला नाही.

धंद्याला खोट आली म्हणून माणूस धंदा सोडतो हे आपण नेहमी पाहतो. येथे धंदा चालत होता आणि माणूस उठला. या गोष्टीची खूणगाठ वाचकांनी बांधून ठेवावी, कारण दहा वर्षांनी हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडावयाचा होता.

पुन्हा छापखान्याच्या वाटेला फाळके गेले नाहीत. घरात पत्नी सरस्वतीबाई, लहान मुले, हाती उत्पन्न नाही आणि वय चाळिशीचे. अशा मनःस्थितीत गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखमालेत नमूद केले आहे. ही हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. आम्हांला तिच्यापेक्षा तिच्या नंतरचे महिने अधिक बोधप्रद वाटतात.

कारण दृष्टांत एका रात्रीत होतो, धंदा होत नाही. फाळके दररोज जे जे चित्रपट दाखविले जात ते पाहत राहिले, रात्र रात्र बारीक अक्षरांची पुस्तके वाचीत बसले, आणि डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. वैद्यांच्या उपचारांनी ती परत आली. मग आयुष्याची विमापत्रे गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना ओळखी करून दिल्या, सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने आपला कारखाना मोकळेपणाने दाखविला. विल्यम्सन कंपनीचा एक कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फितीची मागणी, एवढ्या सामग्रीवर ते थोड्याच आठवड्यांत परत आले.

तरीही भांडवल देण्यास कोणी तयार होईना. तेव्हा फाळक्यांनी काय करावे? त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीसमोर रोवून रोज थोडी थोडी फीत उघडीत ते महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची छायाचित्रे घेत राहिले. पडद्यावर हे सारे मिनिटभरात दिसले: बी फुटते आहे, अंकुर मान वर काढतो आहे, वेल चढते आहे. ‘अंकुराची वाढ’ पाहून द्रव्य देणारे मित्र पुढे आले. चाळिशी उलटलेला, एकदा भरल्या कारखान्यातून उठून आलेला माणूस महिनाभर एका वाटाण्यापुढे बसतो, याचा अर्थ त्याचे मन धंद्यात पुन्हा बसले होते. आणि ते बसले ते पैसा मिळण्याच्या आधी बसले, हे ध्यानात घ्यावे.

दादरच्या मथुराभवन या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. या चित्रपटाचे कौतुक करताना त्याचा कारखाना कसा चालला हे पाहिले पाहिजे. पडदे रंगविणे, कथा रचणे, नटांना शिकविणे, कॅमेरा, रसायने, सारे फाळक्यांकडे. सरस्वतीबाई आपले दागिने देऊन बसल्या होत्याच. त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत, आणि रात्री फितीला भोके पाडावयास बसत. स्त्रीभूमिका करावयास स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहातील साळुंके नावाच्या आचाऱ्याला तारामती केले. रोहिदासाची भूमिका घरच्या भालचंद्राने केली. चित्रपटात काम करणे हे सांगण्यासारखे नव्हते, म्हणून मंडळींना फाळक्यांनी शिकविले होते की, कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहो असे सांगावे. विनोदाचा भाग सोडला तर ही माहिती अक्षरशः खरी होती. तो कारखानाच होता, आणि तो घरातच होता. १९१३ सालच्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

त्याच वर्षी फाळके आपला कारखाना घेऊन नाशिकला गेले. ‘मोहिनी-भस्मासुर’, ‘सत्यवान-सावित्री’ हे चित्रपट तेथे निघाले. १९१४ मध्ये आपल्या कृती घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले, तेथेच राहून चित्रपट काढावेत असे निमंत्रणही आले. ते त्यांनी स्वीकारले नाही. नाशिकला माझी माणसे आहेत, धंदा तेथे उभा करावयाचा आहे, हा त्यांचा आग्रह होता. इतक्यात महायुद्ध पेटले. पैसा देणाऱ्यांनी हात आखडले, कच्चा माल दुर्मीळ झाला. कर्जासाठी त्यांना संस्थानिकांच्या दारी जावे लागले, सरस्वतीबाईंच्या उरल्यासुरल्या अलंकारांनाही हात घालावा लागला. या हलाखीत त्यांचे मन धंद्यावरून उडाले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते उडाले नाही. १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोक असे लोटले की, जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाड्यांतून न्यावी लागली, असे सांगतात.

आता दिवस पालटले. जे धनिक वाटाण्याच्या रोपापूर्वी दारात उभे करीत नव्हते ते आपण होऊन आले. १९१८ च्या प्रारंभी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे व इतर भागीदार भांडवल घेऊन आले, फाळके आपली विद्या आणि आपला कारखाना घेऊन आले. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे दोन चित्रपट या कंपनीने काढले. दुसऱ्यात बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ते चित्र आजही पाहावयास मिळते, आणि त्या मुलीच्या मुद्रेवरचे निरनिराळे भाव पाहताना शंभर वर्षांचे अंतर जाणवत नाही. लोकांनी दोन्ही चित्रपट उचलून धरले. कंपनीला पैसा मिळाला. आणि फाळक्यांचे मन उडाले.

भागीदारांचे म्हणणे अगदीच अयोग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा पैसा गुंतला आहे तो हिशेब विचारणारच. एका दृश्यासाठी इतके दिवस का, इतकी फीत का, हा खर्च कोणाला विचारून केला, हे प्रश्न व्यवहाराला धरून आहेत. सरकारी कचेरीत आपणही ते विचारतो आणि आपल्यालाही विचारले जातात. पण ज्या माणसाने महिना महिना एका रोपापुढे बसून आपला धंदा शिकला त्याच्या कामाची वेळ आणि खर्च आधी कागदावर मांडता येत नव्हता. गरिबीत त्याला जे विचारणारे कोणी नव्हते ते संपन्नतेत विचारणारे झाले. कर्जाने, युद्धाने, उपासमारीने जे साधले नाही ते या विचारणेने साधले. दागिने गहाण पडले तेव्हा धंदा फाळक्यांचा होता. तिजोरी भरली तेव्हा तो त्यांचा उरला नव्हता.

फाळक्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि कुटुंबासह ते काशीस गेले.

काशीत ते स्वस्थ बसले असते तर ही कथा येथेच संपती. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहावयास घेतले. तत्कालीन मराठी नाट्यव्यवसायावर त्यात टीका होती. नाटक पुढे रंगभूमीवर आले, पण लोकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. साहित्यदृष्ट्या त्याची योग्यता काय हा प्रश्न येथे नाही. एक गोष्ट मात्र लक्षात येते. सारे सोडून गंगातीरी आलेला माणूस विषय निवडतो तो ईश्वराचा नाही, वैराग्याचा नाही. तो निवडतो एका धंद्याचा, त्या धंद्यातील लोकांचा, कला आणि तिचे मालक यांच्या नात्याचा. धंदा सुटला होता. धंद्याचा विचार सुटला नव्हता.

इकडे महाराष्ट्रात त्यांना लोक विसरले नव्हते. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याविषयी लिहिले. फाळक्यांचे उत्तर कडू होते. चित्रपटाच्या धंद्यापुरता मी मेलो आहे, आणि पुन्हा जिवंत होण्याची मला हौस नाही, असा त्याचा आशय. कोल्हटकर हाडाचे पत्रकार. त्यांनी फाळके मेले अशाच थाटात ते उत्तर छापून टाकले! मग काय विचारता? वाचकांची पत्रांवर पत्रे येऊ लागली. कोणी विनवी, कोणी रागावे, कोणी आपण पाहिलेल्या चित्रपटांची आठवण देई. कोल्हटकरांनी ती पत्रेही छापली आणि ते अंक काशीस धाडून दिले.

काशीच्या एखाद्या अरुंद गल्लीतल्या बिऱ्हाडात हे अंक उघडले गेले असतील तो क्षण डोळ्यांपुढे आणावा. आठ-नऊ वर्षे ज्यांच्यासाठी आपण राबलो त्या लोकांचा फाळक्यांना परिचय होता तो तिकिटविक्रीच्या आकड्यांतून. आकडे भागीदारांकडे जात, तेथे त्यांचा नफा होई. पत्रे सरळ काशीस आली. आपण केलेली वस्तू कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडली, त्याच्या मनात राहिली, आणि तिच्याविना त्याला चुकल्यासारखे होते, हे कळणे म्हणजे काय हे ज्याने स्वतःच्या हाताने काही विकले आहे त्याला समजेल. फाळक्यांचा निश्चय पालटला. भागीदारांनाही त्यांची उणीव भासत होतीच. बोलणी झाली आणि १९२२ च्या सुमारास फाळके नाशिकला परतले.

चरित्रकाराला येथे मंगलवाक्य लिहून थांबण्याचा मोह होतो. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. फाळके परतले ते निर्मितीचे प्रमुख आणि सल्लागार म्हणून, पगारावर. कंपनीने पुढील दहा वर्षांत चित्रपटांमागून चित्रपट काढले. फाळक्यांच्या नावावर एकंदर नव्वदांहून अधिक चित्रपट मोजले जातात, त्यांतील कितीतरी या काळातले. पण आज त्यांचे नाव काढले की ओठांवर येतात ते ‘हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’. म्हणजे काशीपूर्वीचे. मतभेद पुन्हा झाले, ते पुन्हा बाजूला झाले, पुन्हा आपल्या नावाची कंपनी काढून ‘सेतुबंधन’ करावयास बसले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला होता, १९३२ मध्ये ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि त्याला आवाज मागाहून जोडावा लागला. अखेर कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो १९३७ मध्ये आला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १९४४ च्या १६ फेब्रुवारीस नाशिकला त्यांचे देहावसान झाले. शेवटचे दिवस संपन्नतेचे नव्हते.

तेव्हा काशीहून परत आले ते काय, आणि आले नाही ते काय? आमच्या मते कामावरचे प्रेम परत आले. ते आले नसते तर सदुसष्टाव्या वर्षी कोणी गंगा पृथ्वीवर आणण्याचा खटाटोप करीत नाही. लोकांच्या पत्रांनी ते परत आणले, आणि त्याबद्दल कोल्हटकरांचे व त्या अज्ञात पत्रलेखकांचे उपकार मानले पाहिजेत. पण मथुराभवनातला तो धंदा, ज्यात भाकरी भाजणारी आणि फितीला भोके पाडणारी एकच होती, ज्यात चूक झाली तर ती आपली आणि पुन्हा करावयाचे तर कोणाला विचारावयाचे नाही, तो मात्र परत आला नाही. पगारावर परतलेल्या माणसाला काम देता येते, मानही देता येतो. त्याची मालकी त्याला देता येत नाही. पहिल्या खेपेस, छापखाना सुटल्यावर, फाळक्यांना नवा धंदा शून्यातून मांडावयास मिळाला आणि ते पूर्णपणे परत आले. दुसऱ्या खेपेस तयार धंद्यात ते पाहुण्यासारखे परतले, आणि अर्धेच परतले. दोन्ही प्रसंगी माणूस तोच होता.

परमुलखात नोकरीच्या निमित्ताने राहणाऱ्या आपल्या मंडळींत निवृत्तीनंतर काही धंदा करू असे मनात योजिलेले थोडेथोडके नसतील. कोणी पूर्वी केलेला, काही कारणाने मोडलेला धंदा पुन्हा मांडण्याचा विचार करीत असतील. भांडवल किती लागेल, भागीदार कोण मिळेल, याचा हिशेब ते करीत असतीलच, आणि तो करावयास हवाच. त्यांनी त्या हिशेबाच्या आधी थोडा वेळ दादरच्या त्या कुंडीजवळ बसावे. पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयात फाळक्यांच्या काही रिळा जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या एका तुकड्यात खुद्द फाळके आपल्या कारखान्यात काम करताना दिसतात. ते नटांना काही सांगत आहेत, फीत उजेडाकडे धरून निरखीत आहेत. तो तुकडा काशीस जाण्यापूर्वीचा आहे. फीत निरखताना त्यांचे कॅमेऱ्याकडे लक्षही नाही.